‘स्लिम’ मूळचा वाकडा

इंग्रजीत ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ, डचमध्ये ‘स्लिम’ म्हणजे हुशार आणि जर्मनमध्ये ‘श्लिम’ म्हणजे वाईट. हे शब्द एका कुळातले की नुसतं ध्वनिसाम्य, असा प्रश्न आला आहे.

कूळ एकच. मूळ अर्थ मात्र या तिन्हींपेक्षा वेगळा : तिरका, वाकडा.

वाकड्याचा वाईट कसा होतो हे मराठी माणसाला सांगायला नको. वाकडी नजर, वाकड्यात शिरणं, कुणाशी वाकडं असणं हे आपल्या रोजच्या बोलण्यातलंच आहे. जर्मन शब्द त्या अर्थावर स्थिरावला. डच मात्र पुढे सरकला : वाईट, मग कावेबाज, मग चलाख. आज डच मुलाला ‘स्लिम’ म्हटलं तर ती शाबासकी असते.

इंग्रजीनं तो १७व्या शतकात डचकडून घेतला आणि वाईटावरून हलका, अपुरा, बारीक अशा वाटेनं नेला. ‘स्लिम चान्स’मध्ये तो अपुरेपणा अजून शिल्लक आहे, तिथे कमनीयतेचा संबंधच नाही.

मला सगळ्यात आवडतो तो दक्षिण आफ्रिकेतला मुक्काम. डचमधूनच घडलेल्या आफ्रिकान्स भाषेत धूर्तपणाचा अर्थ टिकला. बोअर (दक्षिण आफ्रिकेत वसलेल्या डचांचे वंशज) सेनापती पीट जूबेर यांना ‘स्लिम पीट’ म्हणत आणि यान स्मट्स यांना ‘स्लिम यानी’. गांधीजींनी सत्याग्रहाच्या काळात ज्यांच्याशी वाटाघाटी केल्या, तेच हे स्मट्स. या टोपणनावांत अंगकाठीचा उल्लेख नाही, डावपेचांचा आहे. १८९९–१९०२च्या बोअर युद्धाच्या सुमारास हा अर्थ इंग्रजी लिखाणातही वावरत होता. त्या काळचा मजकूर वाचताना ‘स्लिम’चं डोळे मिटून ‘सडपातळ’ करू नये.

चिकट ‘स्लाइम’शी याचं नातं जोडू नका, तो निराळा, जुना इंग्रजी शब्द आहे.

मराठीत ‘स्लिम’साठी सडपातळ चालतो, पण कौतुक हवं असेल तर शेलाटा अधिक नेमका. हडकुळा आणि किडकिडीत ‘स्किनी’साठी ठेवावेत.

आणि बारीकपणाच्या इंग्रजी शब्दांत आपला सख्खा नातलग शोधायचा तर तो ‘थिन’. ताणणं या अर्थाच्या प्राचीन धातूपासून तो आला. संस्कृत ‘तनु’ म्हणजे कृश, नाजूक, हाही त्याच धातूचा. आपले ताण, ताणणं, तंतू त्याच घरचे. ताणलं की वस्तू पातळ होते, एवढा साधा तर्क त्यामागे आहे.