व्हिडिओ पाहून सर्किट चालतं, पण कळत नाही

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे. व्हिडिओ पाहून ब्रेडबोर्डवर (वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर) सर्किट जोडतो. चाललं तर खूश, नाही तर पुढचा व्हिडिओ. घरात यातलं कुणालाच कळत नाही. त्याला कोणतं पुस्तक किंवा साधन द्यावं?

उत्तर : व्हिडिओ बंद करू नका, पण मुख्य आधार पुस्तकाचा असू द्या. निवडताना एलईडीचं प्रकरण उघडून बघा. ‘४७० ओहमचा रेझिस्टर लावा’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुस्तक परत ठेवा. रेझिस्टर करंटला आवर घालतो; तो ४७०च का, हे सांगणारं हवं : बॅटरी ९ व्होल्टची, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ७. सातला ४७०ने भागलं की सुमारे १५ मिलिअँपिअर. पुढे ते पुस्तक हातात मीटर (व्होल्ट, करंट, ओहम मोजायचा मल्टिमीटर) घ्यायला लावतं का, तेही पाहा. रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजून ४७०ने भागले की करंट मिळतो, सर्किट तोडावं लागत नाही. पंधराऐवजी तेरा आले तर बॅटरी उतरली असेल का, असा प्रश्न त्याला पडायला हवा.

म्हणजे मोठ्या किटच्या आधी साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकात तशीच विसरली आणि मग व्होल्ट बघायला बॅटरीला लावली, तर बॅटरी शॉर्ट होते. ही चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. सर्किट चालू असताना ओहम मोजू नयेत, आकडा खोटा येतो.

फॉलस्टॅडचा सर्किट सिम्युलेटर (पडद्यावरच सर्किट जोडून बघायचा प्रोग्रॅम) ब्राउझरमध्ये फुकट चालतो. त्यात करंट सरकत्या ठिपक्यांनी दिसतो. समजायला उत्तम. पण सैल वायर त्यात दिसत नाही, आणि काही लांब ब्रेडबोर्डांची पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली असते, तेही नाही. अर्धं सर्किट मेलेलं असेल तर आधी तिथे मीटर लावायचं.

सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे डेटाशीट, त्या त्या भागाची माहितीपत्रिका. ती कंपन्याच फुकट देतात. पुस्तकात २एन३९०४ ट्रान्झिस्टर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) असतो, हाती बीसी५४७ येतो. दोन्ही एकाच, एनपीएन प्रकारचे, दिसायलाही सारखे. मात्र चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर, दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. तसाच खोचला तर सर्किट धड चालत नाही आणि मुलगा दिवसभर वायरी तपासत बसतो. सुरुवातीला डेटाशीटमधलं पायांचं चित्र आणि कमाल मर्यादांचा तक्ता एवढं वाचलं तरी पुरे.

प्रश्न : थेट आर्डुइनोपासून (प्रोग्रॅम करायच्या छोट्या बोर्डापासून) सुरुवात केली तर?

उत्तर : चालेल, पण आधी ५५५ टायमरचं (ठरावीक वेळाने चालू-बंद करणाऱ्या चिपचं) सर्किट करून घ्या. १ किलोओहम आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) यांवर एलईडी सेकंदाला साधारण एकदा लुकलुकतो. हिशेबापेक्षा वेग थोडा वेगळा आला तर दोष बहुधा कपॅसिटरचा : यात लागणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक प्रकारात २० टक्के इकडेतिकडे असतंच. या टायमरच्या नेहमीच्या एनई५५५ चिपला किमान ४.५ व्होल्ट लागतात, दोन सेलवर तो चालत नाही. आर्डुइनो उनो आर३च्या पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. मोटर थेट जोडली तर पिन जळू शकते, मध्ये ट्रान्झिस्टर आणि मोटरला उलटा डायोड (एकाच दिशेने करंट सोडणारा भाग) हवाच.

सुरुवातीला सगळं बॅटरीवर. जुना चार्जर उघडून बघायची हौस येईलच, पण प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर भरलेला राहू शकतो.