खळ्यातला पातेरा आणि बॅटरीवरचा ब्लोअर

तुमचा प्रश्न मला असा समजला. देवगडकडे आई-वडील दोघंच, घराभोवती 7-8 गुंठे, आंब्याची चार कलमं, दोन फणस, एक ओवळ (बकुळ), मागे माड. आईंचं वय 68, खराटा मारला की दोन दिवस कंबर धरते. झाडलोटीला गडी मिळत नाही. अमेरिकेतला भाऊ मे महिन्यात येताना बॅटरीचा ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पानं उडवणारं यंत्र, आणतो म्हणतोय. घ्यावा, की ते खेळणं ठरेल?

घ्या. पण अमेरिकेतून आणवू नका, आणि घरातला खराटा टाकू नका.

मी रत्नागिरी तालुक्यात राहतो, आमच्याकडे ब्लोअरचा हा चौथा हंगाम. पहिला फुकट गेला, त्याचं रडगाणं पुढे येईलच. खरं सांगायचं तर हे यंत्र चांगलं की वाईट यापेक्षा ते कधी चालवता यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे ते डिसेंबर ते मे एवढंच कामाचं, आणि दिवसातूनही दोनेक तासच. हे दोन तास सापडले नाहीत म्हणून माझ्या ओळखीतल्या निदान तिघांचे ब्लोअर माळ्यावर पडून आहेत.

थंडीत पहाटे दंव पडतं. फणसाचं पान आधीच चामड्यासारखं जाड, ओलं झालं की चिऱ्याला (जांभ्या दगडाला) असं चिकटतं की वारा त्याच्या डोक्यावरून जातो आणि ते हलत नाही. तेव्हा साडेआठ-नऊपर्यंत थांबायचं. पण फार थांबूनही चालत नाही, कारण अकराच्या सुमारास वारा फिरतो. सकाळी मतलई असते, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे. ऊन चढलं की समुद्रावरचं खारं वारं सुरू होतं आणि दिशा बरोबर उलटी होते. मच्छीमाराला हे सांगावं लागत नाही, आपण झाडलोट करणारे मात्र विसरतो. मतलई पाठीवर घेऊन पूर्वेच्या गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) पश्चिमेकडे पातेरा (वाळका पाला) ढकलत गेलात तर अर्धं काम वाराच करतो. तेच बारा वाजता करायला गेलात तर जमवलेला ढीग तुमच्याच ओटीवर परत येतो. पहिल्या वर्षी मी रविवारी नाश्ता वगैरे उरकून साडेअकराला सुरुवात करायचो आणि यंत्राला शिव्या घालायचो. एप्रिल-मेमध्ये दंव नसतं आणि वारा लवकर फिरतो, तेव्हा सातलाच लागायचं. नऊनंतर त्या उकाड्यात तसंही कोणाच्याने होत नाही.

आता खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, कशाचं आहे? चिरे बसवलेलं किंवा काँक्रीटचं असेल तर प्रश्नच नाही, पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) तर हे यंत्र खराट्याच्या दसपट बरं, कारण पायरीच्या कोपऱ्यातलं पान एका फुंकरीत बाहेर येतं. शेणाने सारवलेलं खळं असेल तर अगदी कमी जोरावर, लांबूनच मारायचं. नळी जवळ नेलीत तर सारवणाची खपली उठते. एकदा उठली की तिच्या कडेखाली हवा शिरून हातभर तुकडा जातो. (हे कोणी केलं ते घरात अजून अधूनमधून निघतं.) नुसती तांबडी माती असेल तिथे पानांआधी धूळच उडते. आपली माती बारीक, ती नाकात जाते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि उन्हाळ्यात शेजारच्या आमसुलांवर, आंबोशीवर, पापडांवर जाऊन बसते. भांडण नको असेल तर मातीच्या भागात खराटाच ठेवा. मास्क आणि गॉगल मात्र कुठेही लागतोच.

मारायची पद्धत दोन दिवसांत जमते. नळी जमिनीपासून वीतभर वर, थोडी तिरकी, आणि हात डावी-उजवीकडे सावकाश, जसं आपण बागेला नळीने पाणी देतो तसा. एका पानाच्या मागे लागायचं नाही, ते राहू द्यायचं. शेवटी जिथे ढीग व्हायला हवा तिथे आधीच ताडपत्री पसरून एका कडेला दगड ठेवायचे, पातेरा तिच्यावर चढवायचा आणि चारी टोकं धरून ओढत न्यायचं. वाकून हाऱ्यात भरणं वाचतं, आणि कंबरेचा खरा त्रास तिथेच असतो, झाडण्यात कमी. गडग्याच्या फटींकडे मात्र पान ढकलू नका, तिथे साठलेला पातेरा म्हणजे विंचवाला बिऱ्हाड.

विंचवावरून फुरसं हा विषारी साप आठवला, आणि ही गोष्ट घाईत वाचू नका. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांत फुरसं भरपूर, रंगाने वाळक्या पानासारखं आणि आकाराने लहान. ते चिडलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. खराट्याने झाडताना तो आवाज ऐकू येतो, ब्लोअर चालू असताना येत नाही. वर पानं उडून जातात आणि ते तिथेच बसून राहतं. तेव्हा आईंना गमबूट घातल्याशिवाय हे यंत्र हातात द्यायचं नाही, आणि खूप दिवसांचा दाट थर असेल तर आधी लांब काठीने हलवून घ्यायचा. याउलट एक फायदाही आहे: पानांत हात घालायची वेळ खूपच कमी येते.

आता बॅटरी. माझा पहिला हंगाम इथेच गेला. ऑनलाइन स्वस्तात एक ब्लोअर मिळाला, नाव कोणाच्या ओळखीचं नाही, बॅटरीवर झोकात ‘88 व्हीएफ’ छापलेलं. मला वाटलं 88 व्होल्ट. साडेतीन मिनिटांत दम टाकला. नंतर उघडून पाहिलं तर आत पाच सेल. लिथियमच्या एका सेलचे सरासरी 3.6 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4 च्या थोडे वर. पाच सेल ओळीने जोडले की 18 होतात आणि भरलेले असताना 20-21. म्हणजे 18 व्होल्ट, ‘20 व्होल्ट मॅक्स’ आणि ‘21 व्होल्ट’ ही एकाच बॅटरीची तीन नावं. तसंच दहा सेलच्या बॅटरीला कोणी 36 म्हणतं, कोणी 40. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा, वॅट-तास मिळतात, आणि तेवढीच खरी पुंजी. 18 गुणिले 4 म्हणजे 72 वॅट-तास. पूर्ण जोरावर ब्लोअर 350-400 वॅट सहज ओढतो, म्हणजे दहा-बारा मिनिटं. 36 व्होल्ट 4 अँपिअर-तास म्हणजे 144 वॅट-तास, दुप्पट पुंजी, पण यंत्रही जड.

दहा मिनिटं ऐकून घाबरू नका. पंख्याचा वेग निम्मा केला की लागणारी वीज निम्मी होत नाही, हिशेबाने आठवा भाग होते. प्रत्यक्षात एवढा फायदा मिळत नाही, पण बटण अर्धं दाबून काम केलं तर तीच बॅटरी तीन-चारपट टिकते. वाळलेल्या आंब्याच्या पानाला अर्धा जोरही पुष्कळ झाला. पूर्ण जोर फणसाच्या पानाला आणि कोपऱ्याला, तोही दोन-चार सेकंद. तुमच्या 7-8 गुंठ्यांपैकी झाडायचा भाग दोन-अडीच गुंठेच असेल, तो 4 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत आरामात होतो.

खोक्यावर दोन आकडे बघायचे. एक हवेचा वेग, दुसरा मिनिटाला किती हवा बाहेर पडते तो. जाहिरातीत वेगच मोठ्या अक्षरांत असतो, पण तो नळीच्या तोंडाशी मोजलेला. दोन हातांवर गेल्यावर ढीग हलवायला हवेचं आकारमान लागतं. काही जण ते मिनिटाला घनमीटरमध्ये देतात, काही जण सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट). मिनिटाला एक घनमीटर म्हणजे साधारण 35 सीएफएम एवढं लक्षात ठेवलं की तुलना जमते. माझ्या अनुभवात मिनिटाला 10 घनमीटरच्या खालचा ब्लोअर पाखाडी आणि पडवीपुरता, फणसाखाली तो हरतो. हजार-पंधराशेचे वायरवाले छोटे ब्लोअर मिळतात, ते कॉम्प्युटरची धूळ उडवायला आहेत, खळं झाडायला नव्हेत. आणि घरात आधीच एखाद्या कंपनीचं बॅटरीचं ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा नुसता ब्लोअर घ्या. मात्र नंबर जुळतो का ते तपासून, कारण एकाच कंपनीच्या दोन रंगांच्या अवजारांची बॅटरीही एकमेकांना बसेलच असं नाही.

भावाच्या ब्लोअरला नको का म्हटलं ते आता कळेल. तिथला चार्जर बहुतेक वेळा फक्त 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 च्या प्लगमध्ये घातला की गेला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण म्हाताऱ्या माणसांच्या घरात तो मधला जड डबा कोणीतरी कधीतरी विसरणार. दुसरं, विमान. 100 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, 100 ते 160 मधली विमान कंपनीच्या परवानगीने, जास्तीत जास्त दोन, त्याच्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत तर कधीच नाही. तिथे 56 व्होल्ट 5 अँपिअर-तासाची बॅटरी सर्रास मिळते, म्हणजे 280 वॅट-तास, ती विमानतळावरच राहील. आणि समजा आणली, तरी चार वर्षांनी बॅटरी थकल्यावर इथे तशी कुठे शोधणार?

पावसाळा हा बॅटरीचा खरा शत्रू, त्यातही आपली खारी हवा. जूनपासून ओला पातेरा उडत नाही, तेव्हा ब्लोअर तसाही बंदच. बॅटरी यंत्रातून काढायची, साधारण निम्मी भरलेली ठेवायची, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून आतल्या खोलीत. पूर्ण भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली तर उठतच नाही. गणपतीत एकदा बाहेर काढून चार्ज बघायचा. टोकांवर पांढरट-हिरवा थर दिसला तर कोरड्या कापडाने पुसा, खोबरेल लावू नका (आमच्याकडे लावलं होतं, सगळ्या गोष्टींना लावतात तसं). उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावू नका, आणि काम संपल्या संपल्या गरम बॅटरी चार्जरवर चढवू नका. अर्धा तास निवू द्या.

जमलेला पातेरा जाळू नका एवढी विनंती. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक ठिणगी आणि वारा, आणि शेजाऱ्याची काजूची बाग जाते, दरवर्षी कुठे ना कुठे वणवा लागतोच. माडाच्या आळ्यात टाका, कलमांच्या बुंध्यापासून हातभर सोडून पसरा, मे महिन्यापर्यंत ओल धरून ठेवतो. कोणी अजून तरवा (भाताची रोपं करायची जागा) भाजत असेल तर तो आनंदाने घेऊन जाईल. झावळ्या आणि पोफळीच्या विऱ्या हातानेच उचलायच्या, त्या कुठल्याच ब्लोअरने हलत नाहीत. आणि ओवळ फुलत असेल तेव्हा आईंची फुलं वेचून होईपर्यंत त्या बाजूला यंत्र नेऊ नका, पांढरा सडा एका फुंकरीत गडग्यापलीकडे जातो.

घेताना दुकानात आईंनाच न्या. बॅटरी लावून त्यांच्या हातात द्या आणि पाच मिनिटं चालू ठेवा. दोन ते तीन किलो हा आकडा कागदावर हलका वाटतो, मनगटाला पाचव्या मिनिटाला कळतो. खांद्याचा पट्टा लावायची सोय नसेल तर तो नमुना सोडा. भावाला काहीतरी आणायचंच असेल तर कानांवर बसणारे चांगले मफ आणि डोळ्यांचा गॉगल आणू दे, त्यांना 120 काय आणि 230 काय.