महापौरांना निवेदन दिलं तर ड्रेनेजचं काम होतं का, की ते पद नुसतं शोभेचं?

तुम्ही लिहिलंय की गल्लीत दोन महिने ड्रेनेज तुंबतंय, वॉर्ड ऑफिसात कुणी दाद देत नाही, तर थेट महापौरांकडे जावं का. त्याचं उत्तर कुणीही देईल. मी लिहायला बसले ते 'शोभेचं पद' या शब्दांमुळे. आमच्या घरात ते दर दिवाळीला फराळाबरोबर येतात.

मी एका महापालिकेत नगरसचिव कार्यालयात होते. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहायचं, हे काम. माझे धाकटे दीर त्याच महापालिकेत ड्रेनेजला उपअभियंता. म्हणजे सभेतले आदेश मी लिहायचे आणि भाऊजींनी ते पाळायचे नाहीत, अशी घरातल्या घरात वाटणी.

महापौरपद शोभेचं, हे भाऊजींचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे. कारभार चालवायचे अधिकार आयुक्तांना, आणि आयुक्त पाठवतं राज्य सरकार. महापौर नगरसेवकांनी आपल्यातून निवडलेले, अडीच वर्षांसाठी, तेही मंत्रालयातल्या सोडतीत ज्या प्रवर्गाची चिठ्ठी निघेल त्यातले. टेंडर मंजूर करणार स्थायी समितीचे १६ जण. जेईची, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याची बदली महापौरांच्या हातात नाही, बिलावर त्यांची सही लागत नाही.

आता २०१४ च्या फेब्रुवारीची गोष्ट. आमच्याकडे महिला राखीवमधून आलेल्या महापौर होत्या. पहिले सहा महिने अधिकारी फायली घेऊन त्यांच्या यजमानांकडेच जायचे. सभेत एका नगरसेविकेने नळाच्या पाण्याची बाटली आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. चहासारखं पाणी. ड्रेनेजची लाइन फुटून पिण्याच्या पाण्यात मिसळत होती. बाईंनी आदेश दिला, "आठ दिवसांत काम पूर्ण करून सभेला अहवाल सादर करावा." बाकं वाजली. मी लिहून घेतलं.

रात्री जेवताना भाऊजी हसले. "वहिनी, तुमच्या महापौरबाईंच्या आदेशाला बजेट हेड कुठंय, पैसा कुठल्या खात्यातून टाकायचा? तोंडी आदेशावर पाइप येत नाही." अहवाल अर्थातच आला नाही.

आयुक्तांना त्या वर्षी घरपट्टी वाढवून हवी होती. पुढच्या वर्षाचे कराचे दर सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. ती तारीख हुकली की वाढ विसरा. सभेच्या दोन दिवस आधी बाईंनी नगरसचिवांना अँटी चेंबरमध्ये, म्हणजे दालनामागच्या खासगी खोलीत बोलावलं. मी विषयपत्रिकेचा गठ्ठा घेऊन उभी होते. "वीस तारखेच्या आत विषय झाला नाही तर काय होतं?" साहेबांनी समजावून सांगितलं. "असं होय," म्हणाल्या, आणि पाण्याच्या ग्लासवर झाकण ठेवलं. बस, एवढंच.

१७ तारखेला सभा भरली. पहिलाच विषय करवाढीचा. बाईंनी विचारलं, "ड्रेनेजचा अहवाल आला का?" नाही. "मग सभा उद्या अकरा वाजेपर्यंत तहकूब." १८ ला पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. १९ ला शिवजयंतीची सुट्टी, म्हणून तहकुबी थेट २० पर्यंत. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या आयुक्तांनी पेनचं टोपण तीनदा काढलं आणि घातलं. मी मोजलं.

त्या रात्री साडेनऊला आमच्या घरी फोन. भाऊजी ताटावरून उठले, अर्धी भाकरी तशीच. शिवजयंतीचा अख्खा दिवस जेसीबीपाशी उभे होते, संध्याकाळी चिखलाचे बूट अंगणात काढले आणि कुणाशी बोलले नाहीत. २० ला अहवाल सभेपुढे आला, 'दाखल मान्य' झाला, म्हणजे सभेने तो नोंदवून घेतला.

आणि करवाढ? ती सभेने एकमताने फेटाळली. आयुक्त अर्धी तरी पदरात पडेल या आशेवर होते.

भाऊजी अजून म्हणतात, एस्टिमेट माझ्याकडे तयारच होतं, फक्त वरची सही हवी होती. अहो, मग ती सही कुणामुळे झाली? महापौराची ताकद हुकूम सोडण्यात नाही, विषय अडवून ठेवण्यात आहे. हे ज्यांना कळत नाही ते महापौर फिती कापतात.

तर तुम्ही काय करायचं. अर्ज लेखी द्या, बारनिशीचा, म्हणजे आवक-जावक टेबलाचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, त्याशिवाय तुमची तक्रार झालेलीच नाही. नगरसेवकाला प्रभाग समितीत विषय मांडायला लावा. महापौरांना निवेदन जरूर द्या, पण फोटो काढून परत येऊ नका. आयुक्तांचा कोणता विषय सभेपुढे यायचाय ते आधी काढा आणि त्यांच्या कानावर घाला.

हे सगळं महापालिकेपुरतं. नगरपरिषदेत नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी, तिथलं गणित वेगळं. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. सभेचा ठराव राज्य सरकार निलंबित करू शकतं, रद्दही करू शकतं, तेव्हा फार उड्या मारायचं कारण नाही. आणि हेही सांगायला हवं, की चांगल्या कामासाठी झालेली तहकुबी मी मोजून दोन-तीनदा लिहिली असेल. बाकीच्या कशासाठी झाल्या ते इतिवृत्तात येत नाही. तरी मार्च २०२२ नंतर पुणे, नाशिक, मुंबईत काय होतं ते आठवा. नगरसेवकांची मुदत संपलेली, सभाच नव्हती. आयुक्तांनी आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर करायचा. अडवायला खुर्चीत कुणी नाही.

भाऊजी, वाचत असाल तर: १७ आणि १८ चं इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. अहवालाखालची सही तुमची, तारीख २०.