क्लेम अडकलेला असताना गाडीचा विमा दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड महिन्यापूर्वी गाडी ठोकली गेली, ती अजून गॅरेजमध्ये आहे, क्लेम मंजूरही होत नाही आणि नामंजूरही. पॉलिसी बारा दिवसांत संपतेय. कंपनी बदलली तर क्लेम बुडेल का?

बुडणार नाही. अपघाताच्या दिवशी ज्या कंपनीची पॉलिसी चालू होती तिलाच तो निकाली काढावा लागतो, मग तुम्ही पुढे तिचे ग्राहक असा वा नसा. ‘रिन्यूअल आमच्याकडेच करा, नाहीतर क्लेम लटकेल’ असं कोणी फोनवर सांगत असेल तर त्याला तेच ईमेलवर लिहून द्यायला सांगा.

मात्र पॉलिसी मधेच रद्द करून जाऊ नका. पॉलिसी कधीही रद्द करता येते आणि उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत मिळतो हे खरं, पण एक वर्षाच्या पॉलिसीत त्या काळात एकही क्लेम केलेला नसेल तरच. तुमचा क्लेम नोंदलेला आहे. बारा दिवस थांबा, जुनी पॉलिसी संपते त्या क्षणापासून नवी सुरू होईल अशी घ्या. मधे एक दिवसही मोकळा सोडू नका. खंड पडला की नवी कंपनी गाडी तपासल्याशिवाय ओन डॅमेज (तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं) कव्हर देत नाही, आणि बंपर काढून ठेवलेली गाडी तपासणीत पास होणं अवघड. शिवाय थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लोक खरे फसतात ते नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीत. मोटर टॅरिफची (गाडीच्या विम्याच्या नियमावलीची) भाषा स्पष्ट आहे: मागच्या पूर्ण वर्षात क्लेम ‘केलेला किंवा प्रलंबित’ नसेल तरच बोनस. म्हणजे पैसे अजून मिळाले नाहीत म्हणून बोनस शाबूत आहे, असं नाही. ऑनलाइन कोटेशन काढताना ‘चालू पॉलिसीत क्लेम घेतला आहे का?’ असा प्रश्न येतो, काही ठिकाणी ‘नाही’वर आधीच खूण असते. ती बदलून ‘हो’ करा आणि शून्य टक्के बोनसवरचा आकडा बघा. हा आकडा पाहून पोटात गोळा येतो, पण तोच खरा आहे. कमी प्रीमियमच्या मोहात ‘नाही’ ठेवलंत तर नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेऊ शकते. माहिती खोटी निघाली की नव्या पॉलिसीतले ओन डॅमेजचे सगळे लाभ जप्त होतात. पाच-सहा हजार वाचवायला जाऊन पुढच्या मोठ्या अपघाताचा क्लेम हातचा जातो, आणि हे कळतं तेव्हा गाडी क्रेनवर असते. एजंटने परस्पर असं करून ठेवलं असेल तर आजच नव्या कंपनीला ईमेल करा, बोनसच्या फरकाची रक्कम भरा आणि दुरुस्तीचं एंडॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचं पत्र) हातात घ्या.

नुकसान लहान असेल तर आधी एक हिशोब करा. बोनस धरण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम 12,000 रुपये आणि तुमचा बोनस 50 टक्के असं समजू. क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो, मग दरवर्षी 20, 25, 35, 45 असं चढत पुन्हा 50 पर्यंत जातो. पाच वर्षांतला फरक 6,000, 3,600, 3,000, 1,800 आणि 600, एकूण 15,000 रुपये, वर जीएसटी. दुसऱ्या बाजूला क्लेममधूनही सगळं हातात पडत नाही. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा कापला जातो, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 आणि त्यापुढे 2,000 रुपये सक्तीची वजावट असते, ती तुमच्या खिशातून जाते. 9,000 च्या क्लेमसाठी 15,000 चा बोनस घालवण्यात काही अर्थ नाही. असा क्लेम पैसे मिळण्याआधी लेखी मागे घ्या, ‘कोणतीही रक्कम न देता बंद’ असं पत्र मागा आणि ते नव्या कंपनीला देऊन बोनस मिळेल का ते पैसे भरण्याआधी विचारा. एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन असेल तर त्याची अट वाचा. काही कंपन्या ते फक्त आपल्याकडेच रिन्यू करणाऱ्याला मान्य करतात.

गाडी गॅरेजमध्ये दुरुस्तीसाठी अजून उघडलेली असेल, तर याच एका कारणासाठी मी एक वर्ष जुन्याच कंपनीकडे राहण्याचा विचार करायला सांगेन. जुन्या मोडतोडीचा भार नवी कंपनी घेत नाही. उद्या त्याच कोपऱ्याला पुन्हा धक्का बसला तर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) म्हणेल हे आधीचंच. तरीही बदलायचं ठरवलंत तर गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे आणि बदललेल्या भागांचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग आणि नंबर प्लेट दिसतील असे, आणि गॅरेजचं अंतिम बिल त्यांच्यासोबत ठेवा.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर जात असेल तर प्रकरण टोटल लॉसकडे, म्हणजे गाडी पूर्ण बाद धरण्याकडे जाईल. मग निकाल लागेपर्यंत नवी कॉम्प्रिहेन्सिव्ह (ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी दोन्हीची) पॉलिसी घेऊन पैसे अडकवू नका.

गाडी नवी असेल तर थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकत्र घेतलेला असतो. तो जुन्या कंपनीकडेच राहील, तुम्ही फक्त ओन डॅमेजचा भाग बदलाल. कर्ज असेल तर नव्या पॉलिसीवर बँकेचं नाव घालायला विसरू नका.

आता अडकलेला क्लेम हलवण्याबद्दल. नियमाप्रमाणे कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, 15 दिवसांत रिपोर्ट, आणि त्यानंतर 7 दिवसांत निर्णय. दीड महिना झालाय म्हणजे कुठेतरी कागद अडलाय. बहुतेक वेळा तो पुरवणी एस्टिमेटवर अडतो: गाडी उघडल्यावर आतलं नुकसान दिसतं, गॅरेज नवा आकडा काढतं, पण सर्व्हेअर पुन्हा येऊन बघत नाही. तो बघेपर्यंत जुना भाग फेकू देऊ नका. ईमेलवर दोनच गोष्टी विचारा: माझ्याकडून नेमका कोणता कागद बाकी आहे, आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत द्या. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर जा. फोन करायचा असेल तर 155255. लेखी तक्रारीला महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसी दुसरीकडे नेली तरी हा हक्क तसाच राहतो.

कंपनी सोडली तरी क्लेमवर नोंदलेला मोबाइल, ईमेल आणि बँक खातं निकाल लागेपर्यंत बदलू नका. रक्कम कमी वाटत असेल तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर सही करण्याआधी हरकत ईमेलने नोंदवा. अपघातात कोणाला इजा झाली असेल तर मोटर अपघात न्यायाधिकरणाची नोटीस काही महिन्यांनीही येऊ शकते. तिथे उत्तर जुन्या कंपनीनेच द्यायचं असतं, म्हणून त्या पॉलिसीची प्रत फाइलमध्येच राहू द्या.