ठाण्यात राहून घरच्या घरी मोगऱ्याच्या वासाचा कोल्ड प्रोसेस साबण करता येईल का?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारले आहेत. घरी कोल्ड प्रोसेस साबण (तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून, न शिजवता केलेला) जमेल का, घरात पडून असलेलं मोगऱ्याचं अत्तर त्यात घालू का, आणि घोडबंदर रोडला तुमच्याकडे येणारं टँकरचं पाणी चालेल का. उत्तरं क्रमाने अशी: हो, नको, नको.

मी ऐरोलीला राहते आणि सात-आठ वर्षं हा उद्योग ओट्यावर चालवते. लोकांना भीती असते कॉस्टिक सोड्याची. ती असावीच, पण त्याची शिस्त अर्ध्या तासात अंगवळणी पडते. वासाला मात्र कुणीच घाबरत नाही. शेवटी दोन चमचे घालायचे आणि ढवळायचं, एवढंच वाटतं, आणि पहिला घाणा नेमका तिथेच बिघडतो.

माझाही मोगऱ्यानेच बिघडला होता. तेलं कोमट, कॉस्टिकचं पाणी कोमट, मिश्रण ताकासारखं छान पातळ. त्यात अत्तराची अख्खी बाटली ओतली आणि ब्लेंडर फिरवला. दहा सेकंदांत ब्लेंडर अडकला. आधी भाताच्या शितांसारखे दाणे दिसले, मग सगळं पातेलं गच्च झालं, वर तेल सुटलेलं. आमच्या सासूबाई डोकावून म्हणाल्या, "उपमा आहे का?" फेकलं नाही मी ते. पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून तासभर शिजवलं, चमच्याने साच्यात थापलं. साबण झाला, अंगालाही चांगला लागला. मोगऱ्याचा मात्र मागमूस नव्हता. कोमट मेणबत्तीसारखा काहीतरी वास यायचा.

असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. तेल हे रसायनशास्त्राच्या भाषेत एस्टर. कॉस्टिक त्याला फोडतं, त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. आता मोगरा-जाईच्या वासातला एक मोठा घटक म्हणजे बेन्झिल ॲसिटेट, आणि तोही एस्टरच. कॉस्टिक काही ओळखपाळख विचारत नाही, खोबरेल फोडतं तसं त्यालाही फोडायला लागतं. शिवाय बाजारातल्या अत्तरात वास पातळ करण्यासाठी काय काय घातलेलं असतं हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, आणि स्प्रेच्या सेंटमध्ये तर अल्कोहोल असतं. अल्कोहोल पडलं की मिश्रण हमखास आवळतं. म्हणून अत्तर कपड्यांना लावा, साबणाला नको.

मग खऱ्या फुलांचं काय, असं तुम्ही विचाराल. तेही करून झालंय. जांभळी नाक्यावरून पाव किलो मोगरा आणला, तीन दिवस खोबरेलात फुलं बदलत ठेवली. तेलाला मंद, गोड वास आला होता. साबणात दुसऱ्या दिवशी शून्य. वर घातलेल्या पाकळ्या आठवड्याभरात चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी झाल्या. मोगऱ्याचा खरा अर्क मिळतो, पण तो सोन्यासारखा तोळ्यावर घ्यायचा माल आहे. साबणात घालणं म्हणजे केशराने अंगण सारवणं.

तेव्हा पहिला घाणा गवती चहाचा करा. गवती चहाचं तेल कॉस्टिकपुढे बऱ्यापैकी तग धरतं, मिश्रण घाईने घट्ट करत नाही, आणि त्याला सोबत म्हणून थोडं पॅचौली, म्हणजे आपली पाच, घातली तर वास कपाटात महिनोन्महिने राहतो. वाळ्याचं तेलही असंच चिवट, फक्त महाग. संत्रं, मोसंबी, लिंबू यांच्या तेलांवर पैसे घालवू नका. बाटलीत जीव ओवाळून टाकावा असा वास, आणि साबण वाळेपर्यंत गायब. लवंग आणि दालचिनी दोन्ही बाबतींत तापट: मिश्रण झटकन घट्ट करतात आणि कातडीलाही चावतात. व्हॅनिलाचा वास टिकतो, पण साबण चॉकलेटी होतो. पांढऱ्या साबणाचा हट्ट असेल तर नको.

आता प्रमाण. ५०० ग्रॅम तेलाचा घाणा धरा: खोबरेल १५०, ऑलिव्ह २५०, कोकमतेल ७५, एरंडेल २५ ग्रॅम. कोकमतेल म्हणजे पायांच्या भेगांना लावायला कोकणातून गोळे येतात ते. त्याने वडी टणक होते. खोबरेल फेस देतं, एरंडेल तो फेस टिकवतं, ऑलिव्ह अंग कोरडं पडू देत नाही. खोबरेल खाण्याचं घ्या. केसांच्या सुगंधी तेलात खनिज तेल असू शकतं आणि त्याचा साबण होतच नाही. एवढ्या तेलाला ७० ग्रॅम कॉस्टिक आणि १४० ग्रॅम पाणी. यात पाच टक्के तेल मुद्दाम जास्तीचं सुटतं, कॉस्टिक शिल्लक राहू नये म्हणून. वासाला १२ ग्रॅम: आठ गवती चहा, चार पॅचौली. तेलाच्या तीन टक्क्यांवर मी कधीच जात नाही, नाक कितीही मागत असलं तरी.

हे सगळं वजनावर, पाण्यासकट. चमचा-वाटीचा हिशेब इथे चालत नाही. आणि एक तेल संपलं म्हणून दुसरं तितकंच ओतायचं असंही नाही, कारण प्रत्येक तेलाची भूक वेगळी. ५०० ग्रॅम खोबरेल पूर्ण फोडायला सुमारे ९१ ग्रॅम कॉस्टिक लागतं, तेवढ्याच ऑलिव्हला ६७ च्या आसपास. इंटरनेटवर साबणाचे कॅल्क्युलेटर फुकट आहेत. माझे आकडेसुद्धा एकदा त्यात घालून तपासा. अनोळखी बाईवर इतका विश्वास बरा नव्हे.

कॉस्टिक मोरी साफ करायच्या पाकिटातलं घेऊ नका, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. रसायनांच्या दुकानातून शुद्ध पापड्या किंवा गोळ्या मागा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला ही दुकानं आहेत. आणि लहान डबा घ्या. आपल्या दमट हवेत उघडा डबा ओलावा ओढून घेतो, गोळ्या एकमेकींना चिकटतात, मग सत्तर ग्रॅम वजनात कॉस्टिक किती आणि पाणी किती ते कळत नाही.

चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना कुर्ता. पोरंटोरं, मांजर बाहेर. गॅलरीत किंवा खिडकीपाशी उभं राहून पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाकायचं. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. पाणी चहासारखं तापतं आणि वाफ घशाला लागते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं. ॲल्युमिनियमचं पातेलं, चमचा, झाकण काहीही नको, कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सोडतं. हातावर उडालंच तर नळाखाली धरा आणि बराच वेळ धरून ठेवा. व्हिनेगर चोळा म्हणून कुणी सांगेल, ऐकू नका. डोळ्यात गेलं तर धूत राहा आणि सरळ डॉक्टर गाठा.

पाण्याबद्दल. आमच्याकडे नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, तरीही मी नळाचं वापरत नाही. टँकरच्या पाण्याचा भरवसा नसतो, बहुतेकदा ते बोअरचं असतं, जड. त्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साय धरतात आणि धातूचे अंश तेल खवट करायला मदत करतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, एक कॅन दहा घाण्यांना पुरतो.

तेलं वितळवून आणि कॉस्टिकचं पाणी थंड होऊ देऊन दोन्ही ४० अंशांच्या आसपास आली की एकत्र करा. ब्लेंडर सलग फिरवायचा नाही. थोडा फिरवा, थांबा, हाताने ढवळा. पातळ कढीसारखं झालं, चमच्यातून पडलेली धार वर क्षणभर दिसली, की ब्लेंडर बाजूला ठेवा आणि वास हातानेच मिसळा. हा एक नियम पाळला तरी निम्मे घाणे वाचतात. साच्याला खर्च नको, श्रीखंडाचा रिकामा डबा उत्तम. बटर पेपर आत लावा म्हणजे सुटायला त्रास नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या पाडा, हातमोजे घालूनच.

एवढे दोन-तीन घाणे जमले की मोगऱ्याकडे या. बाटली घेताना कोल्ड प्रोसेस साबणासाठी तपासलेलं फ्रॅग्रन्स ऑइल मागा आणि अंगावरून धुऊन जाणाऱ्या वस्तूत किती टक्के चालतं त्याचा कागद मागा. विकणाऱ्याने आढेवेढे घेतले तर दुकान बदला. फुलांचे वास तपासलेले असले तरी घाई करतातच, म्हणून तेव्हा सगळं ३०-३२ अंशांवर करायचं. इथे एक गंमत आहे. या तापमानाला कोकमतेल थिजायला लागतं आणि मिश्रण उगाच घट्ट भासतं. म्हणून मोगऱ्याच्या घाण्यातून कोकम वगळा आणि ते ७५ ग्रॅम ऑलिव्हमध्ये वाढवा. त्या दोघांची भूक जवळजवळ सारखी असल्यामुळे ५०० ग्रॅम तेलाला कॉस्टिक ७० ग्रॅमच राहतं. आणि पहिल्यांदा सगळं पाचव्या हिश्शाने घेऊन १०० ग्रॅम तेलाचाच घाणा करा. उपमा झाला तर निदान थोडा होईल.

वड्या चार ते सहा आठवडे वाळवायच्या. इथे आपली हवा आडवी येते. माझा एक जुलैमधला घाणा अक्षरशः घामाघूम झाला होता, कारण साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. दीड महिन्याने त्याच्यावर नारिंगी ठिपके आले आणि खवट वास. त्यात मी स्वस्तात मिळालं म्हणून सूर्यफूल तेल भरपूर घातलं होतं, ते लवकर खवट होतं. तेव्हापासून जून ते ऑगस्ट मी साबण ओततच नाही. वड्यांमध्ये बोटभर अंतर, खाली बटर पेपर, खोलीत पंखा. वर्तमानपत्र नको, उद्याची बातमी वडीवर छापून येते. स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. एकदा सुक्या बोंबलाच्या फोडणीच्या दिवशी माझ्या वाळ्याच्या वड्या बाहेरच होत्या, पुढचं सांगत नाही. दोन वेगळ्या वासांच्या वड्याही एका खोक्यात नकोत.

तयार झाला का ते पाहायला काही जण हळद लावून बघा म्हणतात. कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, तोच प्रकार. पण चांगला, मुरलेला साबणही अल्कलीच असतो आणि हळद लाल करतोच, तेव्हा ती परीक्षा निरुपयोगी. ओलं बोट वडीवर घासा आणि जिभेच्या टोकाला लावा. चौकोनी बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे. नुसती साबणाची चव आली तर वाळवायला हरकत नाही.

विकायचा विचार नंतर कराल, म्हणून आत्ताच सांगते. घरी वापरणं, बहिणीला देणं वेगळं. विक्रीसाठी करायचा तर अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत येतो, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर ऑर्डरी घेण्याआधी ते बघा.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला स्वतःचा साबण हवा असं तुम्ही लिहिलंय, त्याचा हिशेब पंचांगातच आहे. अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी बरोबर दीड महिना, मध्ये अधिक महिना आला नाही तर. आमच्याकडे गणपती विसर्जन करून आले की संध्याकाळी मी तेलं मोजायला घेते. तुम्ही गवती चहाचा घाणा त्या आठवड्यात ओता, मोगऱ्याचा पुढच्या वर्षी.