आजोबांची जुनी मिलिटरी रायफल: नळी खरंच कामातून गेली आहे का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या लायसनवरची ली-एनफिल्ड वारसाहक्काने तुमच्या नावावर झाली, नळीत डोकावलं तर आतून काळपट दिसते, आणि ओळखीच्या एकाने "नळी गेली, जमा करून टाका" असं सांगितलं. नाशिकचेच आहात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी फौजेत ईएमईचा (लष्कराची यंत्रदुरुस्ती शाखा) आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, आता नाशिकरोडला असतो. नुसत्या रंगावरून नळी बाद ठरवू नका. काळपट नळीची रायफल शंभर यार्डांवर छान ग्रुप देताना, म्हणजे गोळ्या जवळजवळ लावताना, मी पाहिली आहे. लखलखीत नळी असूनही गोळ्या कागदभर विखुरणारीही पाहिली आहे.

सगळ्यात आधी रायफलवरचे शिक्के वाचा. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत. ०.३०३ असेल तर आपल्याकडे ती प्रतिबंधित बोअर आहे, आणि त्या लायसनचा विषय थेट केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. साध्या लायसनसाठी नाशिक शहरात पोलीस आयुक्त आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी. इशापूरच्या कारखान्याने याच ॲक्शनवर (काडतूस भरायची-उडवायची यंत्रणा) नागरिकांसाठी ०.३१५ बोअरची रायफलही बनवली. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, पण एकीची काडतुसं दुसरीत चालत नाहीत. लायसनवर लिहिलेली बोअर आणि नळीवर कोरलेली बोअर एकच आहे ना, हे स्वतः पाहा. तिसरी शक्यता म्हणजे ०.४१० मस्केट. पोलिसांसाठी जुन्या एनफिल्ड बदलून त्या केल्या होत्या. त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, गोळीला पीळ देणाऱ्या खाचा, म्हणजे ग्रूव्हच नसतात, मग रायफलच्या हिशेबाने अचूकता मोजण्यात अर्थ नाही. आणि कुठे "डीपी" असा शिक्का असेल तर तिथेच थांबा. ती ड्रिलची, म्हणजे कवायतीपुरती रायफल. अशा रायफलींना मुद्दाम भोकं पाडलेली असतात किंवा फायरिंग पिन काढलेली असते. तिच्यात काडतूस कधीच घालायचं नाही.

आता नळी. मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढून त्याच्या टोकाचं बोल्ट हेड वर उचला आणि बोल्ट पूर्ण बाहेर घ्या. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, करंगळी घालून रिकामं आहे याची खात्री करा. मग आधी स्वच्छता, तपासणी नंतर. बरेच लोक इथेच घाई करतात. पंचवीस-तीस वर्षं कपाटात पडलेल्या नळीत जुनं तेल घट्ट होऊन बसलेलं असतं, त्याखाली जळालेली पावडर, त्याखाली तांबं. तुम्हाला दिसलेला काळेपणा बहुधा त्याचाच असेल. सॉल्व्हंट लावून पितळी ब्रश ब्रीचकडून (नळीचं मागचं तोंड) मझलकडे (पुढचं तोंड) फिरवा, मग फ्लॅनेलची चिंदी. चिंदी स्वच्छ यायला लागली की तांबं काढणारं सॉल्व्हंट लावून काही वेळ ठेवा. पुढची चिंदी निळी आली तर तांबं अजून आहे. निळेपणा जाईपर्यंत हे करत राहायचं. याला दोन-तीन संध्याकाळी लागल्या तरी लागू द्या.

नळी साफ झाली की ब्रीचच्या बाजूने आत बघा, समोर पांढरा कागद आणि त्यावर टॉर्चचा उजेड. एनफिल्डला बहुतेक वेळा पाच ग्रूव्ह असतात, डावीकडे पीळ, दहा इंचांत एक फेरा. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन वेगाने व्हावं म्हणून नंबर ४ रायफलच्या काही नळ्यांना दोनच ग्रूव्ह दिले होते. तशी निघाली तर घाबरू नका, त्याही चांगल्या चालतात. बघायचं काय, तर लँडच्या, म्हणजे ग्रूव्हच्या मधल्या उंचवट्यांच्या कडा. त्या कडा धारदार दिसतात की गोलावल्यात? ग्रूव्हच्या तळाशी गंजाने पडलेले बारीक खड्डे मी फारसे मनावर घेत नाही. खड्ड्यांनी लँडची कडच खाल्ली असेल तर मात्र काळजी करायची. चेंबरच्या लगेच पुढचा भाग खरखरीत, भेगाळलेला दिसला तर समजा की रायफल भरपूर चालली आहे. जुन्या काडतुसांतलं कॉर्डाइट फार तापायचं आणि तिथलं पोलाद झिजवायचं.

एक गोष्ट दिसली तर पुढची तपासणी करूच नका. नळीच्या आत कुठेही काळी, पूर्ण गोल कडी सावलीसारखी दिसते का ते बघा. नळी हळूहळू फिरवली तरी ती जागच्या जागी राहते. तिथे नळी फुगलेली आहे, कधीतरी आत काही अडकलेलं असताना गोळी सुटली आहे. बाहेरून बोटांना काही जाणवत नसलं तरी ती रायफल फायर करायची नाही.

मझलकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. या रायफलींच्या नळ्या गोळ्यांपेक्षा पुलथ्रूने (नळी साफ करायच्या दोरीने) जास्त झिजल्या आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हजारो हातांनी दोरी तिरकी ओढली आणि प्रत्येक वेळी ती मझलच्या एकाच बाजूला घासली. त्यावर धूळ बसलेली, म्हणजे सँडपेपरच. परिणाम असा की नळी मध्ये उत्तम असते आणि शेवटच्या इंचात अंडाकृती झालेली असते. गोळी बाहेर पडताना शेवटी तिथेच टेकते, त्यामुळे तिथला दोष थेट निशाण्यावर दिसतो. भिंग घेऊन मझलच्या कडेवर, म्हणजे क्राउनवर, एखाद्या बाजूला घळ पडली आहे का बघा. कान साफ करायची कापसाची काडी थोडी आत घालून बाहेर ओढा. ज्या जागी कापसाचे तंतू अडकतील तिथे कड उठलेली आहे. कच्ची पण कामाची आणखी एक चाचणी आहे: ड्रिलचं निर्जीव काडतूस, बोल्ट बाहेर, आणि बुलेटचं टोक हलकेच मझलमध्ये सोडायचं. पितळी केसच्या तोंडाच्या आधी बुलेटचा थोडा भाग बाहेर राहिला तर ठीक. केस थेट मझलला टेकली तर झीज बरीच आहे.

खरा आकडा हवा असेल तर शिशाचा स्लग, म्हणजे नळीचा ठसा घेणारा मऊ तुकडा, घालावा लागतो. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गळ टाकणाऱ्यांकडे मऊ शिशाच्या गोळ्या असतात, त्यातली नळीपेक्षा किंचित मोठी घ्या. नळीला तेलाचा हात द्या, गोळी लाकडी हातोडीने मझलमध्ये बसवा आणि जाड पितळी किंवा लाकडी दांड्याने सावकाश ब्रीचपर्यंत ढकला. हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा. सारखाच जोर लागत असेल तर नळी एकसारखी आहे. मध्येच स्लग सैल होऊन सटकला, तर तिथे नळी रुंद आहे. बाहेर आलेल्या स्लगवर ग्रूव्हचे ठसे उमटलेले असतात. अडचण अशी की ग्रूव्ह पाच असल्याने एका ग्रूव्हच्या समोर लँड येतो, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरने मोजलेला व्यास चुकतो. यावर उपाय आपल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. पाच धारांचे रीमर मोजायला टूलरूममध्ये १०८ अंशांचा व्ही-ॲनव्हिल मायक्रोमीटर वापरतात. रायफल घरीच सुरक्षित ठेवायची, फक्त स्लग घेऊन जायचा आणि ओळखीच्या माणसाकडून मोजून घ्यायचा. ०.३०३ च्या चांगल्या नळीत ग्रूव्हचा व्यास ०.३१३ ते ०.३१४ इंच येतो, ०.३१६ पर्यंतही मी नळी चालू धरतो. त्यापुढे साधारण ०.३११ ची फौजी बुलेट नळीत नीट भरत नाही, गॅस बाजूने पुढे निसटतो आणि ग्रुप फाकतो.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा, घरी अंदाजाने बघायची गोष्ट नाही. बोल्टवरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) नंबर जुळतो का एवढं तुम्ही पाहू शकता. जुळत नसेल तर लायसनधारक गनस्मिथकडे गेज लावून घ्या. ०.३०३ साठी फौजी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच. दुरुस्ती, नळी बदलणं, चेंबरला हात लावणं हे सगळं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसन असलेल्यानेच करायचं काम आहे. ओळखीच्या लेथवाल्याकडे चुकूनही नेऊ नका.

नळी बरी निघाली आणि तरीही ग्रुप विस्कटत असेल, तर लाकडाकडे वळा. आपल्याकडे चार महिने भिंती घाम गाळतात आणि एप्रिल-मेमध्ये दारं आखडतात, तेच या रायफलच्या फोरएंडचं, म्हणजे नळीखालच्या पुढच्या लाकडाचं, होतं. लाकूड आकसलं की ॲक्शन त्याच्यात सैल बसते आणि दर गोळीला जागा बदलते. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू घट्ट आहे का बघा, बॅक साईट हलते का बघा, बटचा बोल्ट सैल नाही ना ते बघा. नळी बदलायला निघालेल्या माणसाची अडचण अनेकदा एका स्क्रूने सुटते.

शेवटी कागद, म्हणजे निशाण्याच्या कागदावरची परीक्षा. फायरिंग फक्त परवानगी असलेल्या रेंजवर, तुमच्या लायसनवर असलेल्या काडतुसांनीच. शेतात, डोंगरात अजिबात नाही. आजोबांच्या पेटीतली जुनी काडतुसं वापरून रायफलची परीक्षा करू नका. त्यांची पावडर आणि प्रायमर (बुडाशी असलेली ठिणगी देणारी टोपी) कसे वागतील याचा भरवसा नसतो, मग दोष काडतुसाचा की नळीचा हे कळणार नाही. वाळूची पिशवी फोरएंडखाली घ्या, नळीखाली नको. पाच गोळ्यांचा एक ग्रुप, मग नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, असे तीन ग्रुप. शंभर यार्डांवर पाच गोळ्या तीन इंचांत आल्या तर रायफल छान आहे. चार-साडेचार इंच म्हणजे या वयाच्या फौजी रायफलसाठी ठीकच. भोकं वर-खाली रांगेत लागली तर संशय काडतुसांवर आणि लाकडाच्या बसणीवर घ्या. आडवी पसरली तर साईट किंवा सैल फोरएंड. पहिली गोळी बाजूला आणि उरलेल्या चार एकत्र, तर बहुधा नळीत राहिलेलं तेल. आणि भोक गोल न पडता लांबट पडलं असेल, तर बुलेट आडवी होऊन जाते आहे, म्हणजे ग्रूव्ह तिला पीळच देत नाहीत. मझल, स्लग आणि कागद हे तिन्ही एकच सांगत असतील तरच नळी गेली म्हणायचं. आणखी एक, तुमच्यानंतर एखाद्या अनुभवी नेमबाजालाही, रेंजच्या परवानगीने, एक ग्रुप टाकू द्या. जुन्या रायफलचा दणका नव्या माणसाला बिचकवतो आणि तो बिचकलेला ग्रुप नळीच्या नावावर जमा होतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी साफसफाई. जुन्या पद्धतीच्या प्रायमरचे क्षार नळीत राहतात आणि हवेतली ओल खेचतात, नुसत्या तेलाने ते विरघळत नाहीत. बोल्ट काढून ब्रीचकडून फनेलने उकळतं पाणी ओता, लाकडात जाऊ देऊ नका. नळी तापलेली असल्याने लगेच वाळते, मग कोरडी चिंदी, मग तेल. आठवड्याने पुन्हा एक पांढरी चिंदी फिरवा. ती तपकिरी आली तर सगळं परत करा.