नवा माईक आणायच्या आधी घरातली गोधडी काढा

या वेळी घरच्या रेकॉर्डिंगबद्दल बरीच पत्रं आलीत आणि त्यातल्या बहुतेकांत एकच विचारलंय, हे घेऊ का ते घेऊ. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच निवडलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण त्यात बाकीच्यांचंही बरंच येतं.

प्रश्न: ताई, मी सिडकोत राहतो, कॉलेजला आहे, गाणं गातो. वर्षभर पैसे साठवून यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आणि कंडेन्सर माईक (स्टुडिओत असतो तसला नाजूक) घेतला. पण रेकॉर्ड केलेला आवाज बाथरूममधे गातोय असा येतो. भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवले, काही फरक नाही. मित्र म्हणतो माईक हलका आहे, दुप्पट किमतीचा घे. त्याच्याकडे तो आहे आणि दोन दिवस ट्रायला द्यायला तयार आहे. काय करू?

उत्तर: मित्राचा माईक आण, जरूर आण, पण विकत घ्यायचं लगेच ठरवू नकोस. तुझा माईक बिघडलेला नाही रे, तो जे कानावर पडतंय तेच देतोय आणि त्याच्या कानावर पडतेय तुझी खोली. दहा बाय बाराची खोली, चारी बाजूंना प्लॅस्टर, खाली फरशी, वर स्लॅब, तू सूर लावलास की तो आपटून परत येतो आणि माईकमधे दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा शिरतो. महाग माईक आणलास तर हीच घुम तो अजून स्वच्छ ऐकवेल.

अंड्याचे ट्रे काढून टाक. तो पातळ पुठ्ठा आहे, अगदी वरच्या पट्टीतलं थोडंफार इकडेतिकडे विखुरतो, बाकी काही करत नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला पाव इंचाचा पुठ्ठा काय अडवणार. पाहिजे ते जाड, जड आणि मऊ. गादी, रजई, आजीची गोधडी घड्या करून. त्याने अगदी खालची घुम जात नाही, पण गळ्याच्या आवाजाला जी त्रास देते ती पुष्कळ बसते. आता ती लावायची कुठे, इथे खूप जण चुकतात, माईकच्या मागच्या भिंतीला लावतात. कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो, म्हणजे त्याला दिसतं तुझं तोंड आणि तुझ्या पाठीमागची भिंत, म्हणून गोधडी तुझ्या पाठीमागे टांग. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दारं उघडून त्याच्याकडे पाठ करून उभा राहा, याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

दुसरं अंतर. माईकपासून किती लांब गातोस ते लिहिलं नाहीस पण दोन फुटांवर असशील असं वाटतंय. एक वीत अंतरावर ये. अंतर अर्धं केलं की तुझा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीची घुम मात्र होती तेवढीच राहते, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून १५ वर आलास तर घुमेच्या तुलनेत तू १२ डेसिबल पुढे आलास. गेन, म्हणजे इंटरफेसवर माईकचा आवाज वाढवायची खुंटी, तेवढा खाली कर. फार जवळ गेलास तर आवाज जाडसर होतो आणि प, फ वर फटके बसतात, त्यासाठी पॉप फिल्टर लाव, नसेल तर भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा पातळ मोजा ताणून बसव, तेवढंच काम करतो. लोक म्हणतात ना डायनॅमिक माईक (मांडवात गायकाच्या हातात असतो तसला) खोली उचलत नाही, त्यातलं मोठं कारण हेच आहे की तो तोंडाला लावून वापरतात.

आता ट्राय कसा करायचा ते नीट सांगते कारण माझे यातच पैसे गेलेत. एका दुकानात मला एक माईक ऐकवला, हेडफोन लावून, व्हॉल्यूम चांगला चढवून, आणि मला वाटलं आपला आवाज असा आहे हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं. घेतला. घरी आल्यावर माझ्या जुन्या माईकपेक्षा त्यात जास्त काय आलं तर खालून जाणाऱ्या रिक्षा. परत घ्यायला दुकान तयार झालं नाही. खूप नंतर लक्षात आलं की मला माईक आवडला नव्हता, मोठा आवाज आवडला होता. आपल्या कानाचं तसंच आहे, दोन गोष्टी सारख्याच असल्या आणि एक डेसिबलभर मोठी असली तरी मोठी ती चांगली वाटते, आणि आपल्याला ती मोठी आहे हे कळतही नाही.

म्हणून असं कर. दोन्ही माईक एकाला एक लागून, तोंडं एका रेषेत ठेवून उभे कर, इंटरफेसच्या दोन इनपुटला एकेक लाव आणि एकदाच गा. दोनदा गायलास तर तू दोनदा वेगळा गाशील आणि तुलना माईकची न होता तुझ्या मूडची होईल. ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माईकला केबलमधूनच मिळणारी वीज, बऱ्याच छोट्या इंटरफेसमधे दोन्ही इनपुटना एकदमच चालू होते, मित्राचा माईक साधा डायनॅमिक असला तरी चांगल्या एक्सएलआर (तीन पिनांच्या माईकच्या) केबलवर त्याला काही होत नाही, रिबन माईक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल तर मात्र आधी त्याचं मॅन्युअल बघ. मग सॉफ्टवेअरमधे दोन्ही ट्रॅकचा मोठेपणा मीटर लावून सारखा कर, अंदाजाने नको. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर ६० दिवस ट्रायला मिळतं, दोन्हीत हे होतं. मग बहिणीला सांग, ट्रॅकची नावं झाकून उलटसुलट लावून दाखव, आणि तू फक्त कोणता आवडला ते कागदावर लिही. दहा वेळा. दहात आठ-नऊ वेळा मित्राचाच आला तर त्या माईकमधे तुला खरंच काहीतरी ऐकू येतंय, मग पैसे साठव. पाच-सहाच वेळा आला तर नाणं उडवल्यासारखं झालं, ते पैसे दुसरीकडे वापर. आणि हे सगळं गोधडी टांगल्यावर कर, आधी नाही.

प्रश्न: नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, पंचवटीत राहतो, चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. मुलाने इंटरफेस आणि माईक पाठवला आहे. विद्यार्थ्याकडून तबला आधी रेकॉर्ड करून घेतो आणि मग हेडफोन लावून त्यावर पेटी वाजवतो, पण माझाच सूर मला मागून ऐकू येतो आणि हात अडखळतात. वयामुळे होतंय का? आणि पेटीला माईक कुठे ठेवायचा?

उत्तर: काका, वयाचा काही संबंध नाही, तुमचे कान पक्के आहेत म्हणूनच तो उशीर तुम्हाला टोचतोय. तुमचा सूर माईकमधून कॉम्प्युटरमधे जातो, तिथे थोडा थोडा साठवून मग हेडफोनकडे परत येतो. त्या साठवणीला बफर म्हणतात. बफर ५१२ नमुन्यांचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना, साधारण साडेअकरा मिलिसेकंद फक्त एका बाजूला, जाऊन येऊन दुप्पट, वर थोडं अजून. हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर आठ मीटर लांब बसून पेटी ऐकण्याएवढा झाला. निवृत्तिनाथांच्या पालखीत तुम्ही चालला असाल तर माहीत असेल, दिंडीच्या पुढच्या टाळांशी मागचे टाळ जुळत नाहीत, वाजवणारे एकाच लयीत असतात तरी. तेच हे.

दोन उपाय. तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण किंवा खुंटी आहे का बघा, बहुतेकांवर असते. ती चालू केली की तुमची पेटी कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमधे येते, उशीर जवळजवळ शून्य. मग सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल. दुसरा उपाय, वाजवताना बफर १२८ वर आणा आणि नंतर मिक्स करताना परत वाढवा. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकून घ्या, मुलाला फोनवर सांगितलंत तर तो करून देईल.

पेटीला माईक वरून, फूट-दीड फूट उंचीवर, सुरांच्या बाजूला झुकवून ठेवा आणि भात्यापासून लांब, नाहीतर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट सुरापेक्षा जास्त येते. वरचं झाकण उघडं ठेवून एकदा आणि बंद करून एकदा घ्या, प्रत्येक पेटीचं वेगळं असतं. तानपुऱ्याचं यंत्र खोलीत वाजवू नका, ते हेडफोनमधेच ऐका आणि त्याचा ट्रॅक वेगळा केबलने घ्या, म्हणजे पेटीचा एखादा टेक मधूनच कापायचा झाला तर तानपुरा तुटत नाही.

आणि एक आग्रहाची विनंती, कधीतरी विद्यार्थ्याला समोर बसवून एकाच माईकवर दोघं मिळून वाजवा. गायक द. वि. पलुस्कर १९२१ साली आपल्या नाशकात जन्मले, त्यांच्या वेळच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची आणि नंतर मिक्स करायची सोयच नव्हती, कोण माईकपासून किती लांब बसतो यावर तोल सांभाळला जायचा. तबला मोठा येतोय तर तबला दोन हात मागे सरकवायचा. चाळीस वर्षं साथ केलेल्या माणसाला हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा लवकर जमेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: लॅपटॉपला चार्जर लावला की रेकॉर्डिंगमधे गुंईं असा आवाज येतो. देवळाली कॅम्पला आमची जुनी बिल्डिंग आहे. इंटरफेस बदलू?

उत्तर: नको. चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्या, आवाज गेला तर दोष विजेच्या बाजूचा आहे, इंटरफेसचा नाही. मग लॅपटॉप, अ‍ॅम्प, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमधे तिसरी पिन नुसती नावाला असू शकते. स्पीकरला जाणाऱ्या केबल बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण आत येऊ न देणाऱ्या) घ्या. कोणी सांगेल प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका म्हणजे आवाज जाईल, जातोही कधीकधी, पण ते अजिबात करू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो.

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकरोडच्या ढोल पथकातल्या पाच जणी आहोत. आमचे ताल रेकॉर्ड करून ठेवायचेत. एकीच्या भावाचा कंडेन्सर माईक हॉलमधे लावून बघितला, सगळं फाटलेलं आलं. कोणता माईक घेऊ?

उत्तर: पोरींनो, नाशिक ढोल घरात रेकॉर्ड करायला घेतला म्हणजे तुमचं धाडस आहे, शेजाऱ्यांचं पण. फाटलं ते बहुतेक माईकमधे नाही, इंटरफेसच्या गेनमधे. गेन अगदी शून्याला आणा, माईकवर पॅडचं (आवाज खाली आणणारं) बटण असेल तर ते दाबा, आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे २४ बिट निवडून रेकॉर्ड करा. १६ बिटला सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, २४ ला कागदावर १४४, त्यामुळे मीटर लालपर्यंत न्यायची काही गरज नाही, सगळ्यात जोरदार ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी पुष्कळ झालं, नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र नंतर शिवता येत नाही.

माईक घ्यायचाच असेल तर साधा डायनॅमिक घ्या, मांडवात गायकाच्या हातात असतो तसला. शुअरचा एसएम५७ १९६५ पासून आणि एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे, असले माईक ढोलाच्या दणक्याला दाद देत नाहीत. पण आधी भाड्याने आणा, साऊंडवाल्याकडे एका दिवसासाठी मिळतो.

आणि हॉल सोडा. हॉल दहा बाय बारा फुटांचा धरला तर बारा फुटांच्या बाजूने भिंतीभिंतींमधे ४७ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला आवाज अडकून फुगतो, दहा फुटांच्या बाजूने ५६ ला, ढोलाचा घुमारा नेमका याच भागात असतो, म्हणून एक ठोका डोंगराएवढा आणि पुढचा पोकळ येतो. कुणाच्या ओळखीचा मळा असेल ना गंगापूर रोडच्या पुढे, तिथे सकाळी वारा सुटायच्या आधी जा. उघड्यावर भिंती नाहीत, आवाज जातो तो जातो. अर्धं वर्तुळ करून उभ्या राहा, माईक समोर दहा-बारा फुटांवर छातीच्या उंचीला, वाऱ्यासाठी त्याला जाड फोमची टोपी. ताशा वेगळी कडेला ठेवा, नाहीतर तीच सगळं खाईल. दोनचार ठोके घ्या, ऐका, जिचा ढोल पुढे येतोय तिला मागे सरकवा, परत घ्या. तासभर यातच गेला तरी जाऊ द्या.

प्रश्न: जुलैपासून माझा कंडेन्सर माईक मधेच चरचर करतो, उन्हाळ्यात ठीक होता. खराब झाला का?

उत्तर: बहुतेक दमट झालाय. कंडेन्सरच्या पडद्यामागे फार बारीक फट असते, तिथे ओल धरली की अशीच चरचर येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चारपाच पुड्यांबरोबर दोनतीन दिवस ठेवून बघा, हेअर ड्रायर मारू नका, उन्हातही ठेवू नका. पावसाळाभर काम झालं की तो स्टँडवर न सोडता डब्यात जाऊ द्या, आणि देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्तीच्या वेळी तर नक्कीच, धूर पडद्यावर बसला की तो सिलिकाने निघत नाही.